तुमचं साल कोणतं?

खालच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मलबारी चिकटपट्टी फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकाला देत होता, तीही एका घराला एकच. आम्ही रोज त्याच्याकडून खुबूस आणि दही नेणारे, म्हणून आम्हांला दोन मिळाल्या. मार्च २००३. कुवेतमधलं फरवानिया, तिसरा मजला, दोन खोल्या आणि चार बाप्ये. सद्दाम क्षेपणास्त्रातून विषारी वायू सोडणार अशी आवई होती, म्हणून एक खोली हवाबंद करायचं ठरलं. खिडकीच्या चारी कडांना पट्टी, काच फुटून अंगावर उडू नये म्हणून तिच्यावर मोठी फुली, दाराच्या फटीत ओला टॉवेल. अशा खोलीत चार माणसांना हवा किती वेळ पुरेल, हा हिशोब मात्र मी बांधकामाची मोजमापं काढणारा क्वांटिटी सर्व्हेयर असूनही केला नव्हता.

बायको आणि मुलीला फेब्रुवारीतच डोंबिवलीला पाठवलं होतं. एकट्याने राहायला नको म्हणून साइटवरचे तिघे माझ्याकडे मुक्कामाला आले. एक बांगलादेशी स्टोअरकीपर, एक पाकिस्तानी क्रेन ऑपरेटर आणि एक इजिप्तचा सर्व्हेयर, जो मला ‘बाश्मुहंदिस’, म्हणजे इंजिनियरसाहेब, म्हणायचा. तिघेही मुसलमान, आणि तिघांचं एकमेकांशी यथातथाच पटायचं. पट्टी आडवी लावायची की तिरपी, यावरूनसुद्धा वाद झाला.

पट्टी लावता लावता मला आमची गिरगावातली चाळ आठवली. डिसेंबर १९७१. मी अकरा वर्षांचा. ब्लॅकआउटसाठी काचांना काळा कागद लावायचा होता आणि आईने मैद्याची खळ करून पातेलं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं होतं. रात्री वडील रेडिओचा आवाज बारीक करून कान लावून बसत. एका रात्री ते म्हणाले, ‘‘अमेरिकेचं सातवं आरमार निघालंय.’’ कुठे निघालंय हे मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून चौपाटीवर गेलो आणि दुपारपर्यंत आरमाराची वाट बघत बसलो. ते बंगालच्या उपसागरात येत होतं, एंटरप्राइझ नावाची विमानवाहू नौका घेऊन, हे घरी आल्यावर धपाटा खाताना कळलं.

ही गोष्ट मी आपली मोडक्यातोडक्या हिंदीत, वेळ घालवायला सांगत होतो. स्टोअरकीपरचे हात थांबले. ‘‘सेव्हेन्थ फ्लीट?’’ तो म्हणाला. त्याचं गाव जेसोरकडचं. त्या वर्षी तो आठ वर्षांचा होता आणि आजीच्या पाठीमागून चालत सीमा ओलांडून बनगावच्या छावणीत आला होता. त्या वर्षी अशी कोटीच्या घरात माणसं भारतात आली. ज्या पाकिस्तानी सैन्याच्या भीतीने ती आली त्या सैन्याकडे रणगाडे अमेरिकी होते. ढाक्यातला अमेरिकेचा वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्याचे सहकारी ६ एप्रिलला आपल्याच सरकारला तार करून सांगत होते की इथे जे चाललंय त्यावर आपलं गप्प बसणं ही नैतिक दिवाळखोरी आहे. निक्सन आणि किसिंजर यांना पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खान हवा होता, कारण त्याच्यामार्फत चीनशी सूत जमत होतं. ब्लडची बदली झाली. आमच्या स्टोअरकीपरला ही नावं ठाऊक नव्हती. त्याला एवढंच ठाऊक होतं की वर्षाच्या शेवटी, सुटका अगदी जवळ आली असताना, त्याच्या मारेकऱ्यांच्या मदतीला समुद्रातून कोणीतरी निघालं होतं.

क्रेनवाल्याने शिडी भिंतीला टेकवली. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, ‘‘चाय बनाऊँ?’’

मी या प्रसंगाकडे नंतर बरेचदा वळलोय. त्या वेळी जगभरची वर्तमानपत्रं ‘मुस्लिम जगाचा अमेरिकेवरचा राग’ असे मथळे छापत होती. माझ्यासमोर अमेरिकेवर मनापासून रागावलेला एक मुसलमान होता, आणि त्याचा राग होता तो अमेरिकेने एका मुसलमान लष्करशहाला पाठीशी घातलं म्हणून. त्याच्या आणि माझ्या खिडकीवर त्या डिसेंबरात एकाच बाजूने काळोख होता. हे कुठल्या मथळ्यात बसवायचं?

२० मार्चला पहाटे युद्ध सुरू झालं आणि त्याच दिवशी कुवेतमध्ये भोंगे वाजू लागले. भोंगा वाजला की आम्ही त्या खोलीत जाऊन बसायचो. खोलीत टीव्ही, त्यावर अल् जझीरा, आणि सर्व्हेयर आम्हांला अरबीतून हिंदीवजा इंग्रजीत उतरवून देणार. जागा एवढीच, करायला काही नाही, त्यामुळे माणसं बोलायची. मला एक चाळा लागला. कोणी अमेरिकेबद्दल बोलायला लागला की तो पहिलं साल कोणतं घेतो ते मनाशी टिपायचं. गोष्ट कुठून सुरू करायची हे माणूस ठरवतो तेव्हाच त्यात चोर कोण आणि साव कोण हेही ठरून जातं, असं मला वाटायला लागलं होतं.

सर्व्हेयरची दोन सालं होती. पहिलं १९५६. त्याचे आजोबा पोर्ट सैदचे. इजिप्तच्या नासरने सुएझ कालवा ताब्यात घेतला, ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी मिळून हल्ला केला, आणि त्या तिघांना माघार घ्यायला लावण्यात मोठा हात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा होता. आजोबांच्या दृष्टीने अमेरिका म्हणजे गोऱ्यांना दम देणारा गोरा. दुसरं साल १९८१. अध्यक्ष सादातचा खून झाला, त्याच्या जागी मुबारक आला, आणीबाणीचा कायदा लागला तो वीस वर्षं झाली तरी उठला नव्हता. सर्व्हेयरच्या धाकट्या भावाला कॉलेजातून उचलून नेऊन अकरा दिवस ठेवलं होतं. इस्रायलशी झालेल्या कँप डेव्हिड समझोत्यानंतर इजिप्तच्या लष्कराला अमेरिकेकडून दरसाल १३० कोटी डॉलर मिळत, आणि सर्व्हेयरचा हिशोब साधा होता: भावाला डांबणाऱ्याच्या पगारात अमेरिकेचाही वाटा आहे. पुढे २००५मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस कैरोत येऊन म्हणाल्या की साठ वर्षं आम्ही इथे लोकशाहीला मुरड घालून स्थैर्य शोधलं आणि दोन्ही मिळालं नाही. तोवर सर्व्हेयर कतारला गेला होता. मी त्याला मुद्दाम फोन केला. तो हसला. म्हणाला, ‘‘बाश्मुहंदिस, चला, पावती तरी मिळाली.’’

क्रेनवाल्याचं साल त्याने आढेवेढे घेत सांगितलं. त्याला सगळे पाकिस्तानी सांगतात ते सांगायचं होतं: अफगाणिस्तानात रशियाशी लढायला आम्ही हवे होतो, रशिया निघून गेल्यावर १९९०मध्ये अणुबॉम्बच्या संशयावरून मदत तोडणारा प्रेसलर कायदा पुढे केला, पैसे भरलेली २८ एफ-१६ विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात ठेवून दिली. ‘‘काम झालं, फेकून दिलं.’’ इथवर ठीक. पण एका रात्री भोंगा बराच वेळ चालला आणि तो वेगळंच बोलला. नोव्हेंबर १९७९. मक्केतल्या मशिदीवर बंदूकधाऱ्यांनी कब्जा केला होता. यामागे अमेरिका आणि इस्रायल आहेत असं इराणच्या खोमेनींनी रेडिओवर सुचवलं, आणि कब्जा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी इस्लामाबादचा अमेरिकी दूतावास जाळण्यात आला. दोन अमेरिकी आणि तिथलेच दोन पाकिस्तानी कर्मचारी मेले. हा तेव्हा रावळपिंडीत शाळेत होता. मोठ्या भावाबरोबर बसच्या टपावर बसून तो बघायला गेला होता. ‘‘बाद में पता चला, मस्जिद में तो सऊदी ही थे.’’ मग तो बराच वेळ नखाने पायातल्या चपलेचा पट्टा खरवडत बसला. मला वाटतं, त्याने हे आयुष्यात फार जणांना सांगितलं नसावं.

हे मी लिहितोय कारण रागाला कारण असतं असं म्हटलं की ‘म्हणजे तुम्ही समर्थन करता’ असं लगेच ऐकावं लागतं. माझ्या भाच्याने ऐकवलंच होतं. तो ह्यूस्टनला. काळजीने दर दोन दिवसांनी फोन करायचा. एकदा म्हणाला, ‘‘मामा, तू इतकी वर्षं त्यांच्यात राहतोस. ते आपला एवढा द्वेष का करतात रे?’’ मला ‘द्वेष’ खटकला नाही, ‘आपला’ खटकला. ग्रीन कार्ड यायच्या आधीच तो त्या ‘आपल्या’त जाऊन बसला होता. मी म्हटलं, ‘‘अरे, कोण ते? माझ्या घरात तिघे आहेत, तिघांची तीन वेगळी गाऱ्हाणी आहेत.’’ तो म्हणाला, ‘‘तू त्यांची बाजू घेतोस. त्यांना आपलं स्वातंत्र्य बघवत नाही.’’ हे वाक्य त्याचं नव्हतं. सप्टेंबर २००१मध्ये बुश यांनी काँग्रेससमोर हेच सांगितलं होतं. आमच्या या बोलण्याच्या पुढल्याच वर्षी, २००४मध्ये, त्यांच्याच संरक्षण खात्याच्या सल्लागार मंडळाने अहवालात लिहिलं की मुसलमान आपल्या स्वातंत्र्याचा नव्हे, आपल्या धोरणांचा द्वेष करतात. तो अहवाल मी भाच्याला पाठवला. त्यावर आमचं बोलणं झालं नाही, मात्र दिवाळीला त्याने नेहमीपेक्षा मोठा डबा पाठवला.

तो अहवालही मला पुरता पटत नाही, हे इथे सांगून टाकतो. ‘धोरणांचा’ म्हटलं की सगळे जण सगळी धोरणं वाचून बसलेत असं वाटतं. इंडोनेशियात प्यू संस्थेच्या पाहणीत २००२मध्ये ६१ टक्के लोक अमेरिकेबद्दल बरं बोलत होते. इराकवर हल्ला झाल्यावर ते १५ टक्क्यांवर आले. २००४च्या डिसेंबरात त्सुनामी आली, अमेरिकेची जहाजं पाणी आणि औषधं घेऊन आचेला पोचली, आणि २००५मध्ये आकडा ३८वर गेला. म्हणजे हा राग जुन्या वैरासारखा गोठलेला नव्हता, तो तापासारखा चढत-उतरत होता. कोसोव्होच्या प्रिस्टिनात मुसलमानांनीच क्लिंटनचा पुतळा उभारला, आणि इराकी कुर्दांना अमेरिकेची विमानं म्हणजे डोक्यावरचं छप्पर वाटायची. तरी पुस्तकांत आणि भाषणांत ‘मुस्लिम जग’ हा एक माणूस असतो, ज्याला एकच घसा आणि एकच दुखणं आहे.

माझा इराणी मित्र या बाबतीत नमुना होता. मुबारकियाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्याचं सुकामेव्याचं दुकान होतं. मूळचा खोर्रमशहरचा. १९७७ ते ७९ तो पुण्यात शिकायला होता. त्या काळात पुण्यात इराणी विद्यार्थी पुष्कळ, कॅम्पातल्या आणि डेक्कनवरच्या हॉटेलांतून दिसायचे. मी दुकानात शिरलो की तो ‘‘काय रे भावड्या’’ म्हणून ओरडायचा आणि पाठोपाठ एक अस्सल पुणेरी शिवी, जिचा अर्थ त्याला नीट ठाऊक नव्हता. क्रांती झाली म्हणून तो शिक्षण अर्धं टाकून आनंदाने परत गेला. पुढच्याच वर्षी सद्दामने खोर्रमशहर घेतलं.

अमेरिकेची गोष्ट सांगायची तर तो १९०९पासून सुरू करायचा, ज्याची मला अपेक्षाच नव्हती. तब्रिझमध्ये मिशनच्या शाळेत हॉवर्ड बास्करव्हिल नावाचा एक चोवीस वर्षांचा अमेरिकी मास्तर होता. तेव्हाच्या शहाविरुद्ध, म्हणजे इराणच्या राजाविरुद्ध, संविधान मागणाऱ्यांना वेढा पडला तेव्हा तो आपल्या विद्यार्थ्यांबरोबर बाहेर पडला आणि गोळी लागून मेला. त्याचं थडगं तब्रिझमध्ये आहे. ‘‘आम्हांला अमेरिका अशी भेटली होती,’’ मित्र म्हणायचा. मग १९५१. पंतप्रधान मोहम्मद मोसाद्देकने तेल ब्रिटिश कंपनीकडून काढून देशाचं केलं. १९ ऑगस्ट १९५३ला सीआयएने ब्रिटिशांबरोबर मिळून त्याचं सरकार पाडलं. पैसे वाटले, भाडोत्री गर्दी रस्त्यावर आणली, आणि पळून गेलेला शहा विमानाने परत आला. मोसाद्देकला तीन वर्षं कैद, मग मरेपर्यंत गावच्या घरात नजरकैद. तो १९६७मध्ये गेला. माझा मित्र त्याच्या पदच्युतीनंतर जन्मलेला. तरी मोसाद्देक हा शब्द उच्चारताना तो आवाज असा खाली आणायचा जसं आपल्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाबद्दल बोलतात.

अमेरिकेचं साल १९५३च्या पुढे सव्वीस वर्षांनी सुरू होतं. ४ नोव्हेंबर १९७९, तेहरानमधला अमेरिकी दूतावास, ओलीस धरलेली ५२ माणसं, ४४४ दिवस. ह्यूस्टनमध्ये कोणालाही विचारा, इराणची गोष्ट इथून सुरू होते. डोळ्यांवर पट्टी बांधलेली माणसं, ओरडणारी दाढीवाली पोरं. कशामुळे? वेडाचार. मित्र त्या पोरांची भलामण करत नसे. त्यांनी देशाचं वाटोळं केलं असंच म्हणायचा. पण त्यांना वाटलेली भीती खोटी नव्हती असंही म्हणायचा. शहा अमेरिकेत उपचाराला गेला, आता पुन्हा ५३ घडणार, मागच्या वेळी दूतावासातूनच सूत्रं हलली होती.

आणि मग ३ जुलै १९८८. बंदर अब्बासहून दुबईला जाणारं प्रवासी विमान, व्हिन्सेन्स या अमेरिकी युद्धनौकेने पाडलं. २९० माणसं, त्यांत ६६ मुलं. अमेरिकेने १९९६मध्ये भरपाई दिली, माफी मागितली नाही, आणि नौकेच्या कप्तानाला पुढे पदकही दिलं. मित्राच्या बायकोची मावशी त्या विमानात होती. दुकानात बदाम मोजता मोजता त्याने हे सांगितलं. माप भरून झालं तरी तो त्यात बदाम टाकतच राहिला, खाली सांडायला लागले तेव्हा थांबला.

आता याला २००३च्या मार्चमध्ये काय वाटत असेल? सद्दामने त्याचं शहर बेचिराख केलं होतं. टीव्हीवर त्या दिवसांत एक जुनी चित्रफीत सारखी दाखवत: डिसेंबर १९८३, बगदाद, डोनाल्ड रम्सफेल्ड सद्दामशी हस्तांदोलन करतायत. तेच रम्सफेल्ड आता संरक्षणमंत्री म्हणून सद्दामवर बॉम्ब टाकत होते. मित्र म्हणाला, ‘‘सद्दाम पडू दे. पण यांच्या हातून नको.’’ थोडं थांबून म्हणाला, ‘‘आणि यांच्या हातून पडला नाही तर पडणारच नाही.’’ यावर मी काय बोलणार? अर्धा किलो पिस्ते घेतले आणि निघालो.

२९ मार्चला मध्यरात्र उलटल्यावर एक क्षेपणास्त्र शर्कच्या समुद्रकाठच्या मॉलपाशी येऊन आदळलं. भोंगा वाजलाच नाही. ते समुद्रावरून खालून आलं होतं. जीवितहानी झाली नाही. आवाज मात्र शहरभर गेला. दुसऱ्या दिवशी सगळे कुवेती सहकुटुंब ते पडझड झालेलं ठिकाण बघायला आले, आणि त्यांच्यामागून आइस्क्रीमवालेही.

कुवेतींची गोष्ट राहिलीच. आमचा मालक कुवेती. त्याचं साल २ ऑगस्ट १९९०, सद्दामने कुवेत घेतलं तो दिवस, आणि त्याच्या गोष्टीत अमेरिका म्हणजे देव. त्याच्या दिवानियात, म्हणजे संध्याकाळी पुरुष जमतात त्या बैठकीत, कुवेत सोडवणाऱ्या थोरल्या बुशचा फोटो होता. सगळेच कुवेती तसे होते असं नाही. २००२च्या ऑक्टोबरात फैलाका बेटावर एका अमेरिकी सैनिकाला मारणारे दोघे कुवेतीच होते, आणि बिन लादेनचा प्रवक्ता सुलेमान अबू गैथ हाही कुवेतीच. मालक त्यांचं नाव निघालं की थुंकायचा.

९ एप्रिलला बगदादमध्ये सद्दामचा पुतळा पडला. मालकाने ऑफिसात मिठाई वाटली. आदल्या दिवशी आपल्या लोकसभेने युद्धावर ठराव केला होता, त्यात हिंदीत ‘निंदा’ हा शब्द होता आणि इंग्रजी मसुद्यात जरा सौम्य शब्द, यावरून दिल्लीत बरीच चर्चा झाली. (मराठीत ठराव करायचा असता तर? ‘निषेध’ तरी म्हटलं असतं. निंदा आपण शेजारणीची करतो.) मी त्या निंदेच्या भरात होतो. मिठाई घेताना म्हणून गेलो, ‘‘परक्या सैन्याने मुक्ती मिळते का, साहेब?’’

मालकाने बॉक्स टेबलावर ठेवला. ‘‘मला मिळाली,’’ तो म्हणाला. ‘‘आणि तुमच्या मंत्र्याने काय केलं? सद्दामला मिठी मारली.’’

ऑगस्ट १९९०. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला गेले होते. सद्दामने मिठी मारली, कॅमेरे क्लिक झाले. भारताने कुवेतवरच्या आक्रमणाचा तोंड भरून धिक्कार केला नव्हता. मी मालकाला लगेच कारणं द्यायला लागलो. कुवेतमध्ये आमची पावणेदोन लाखांच्या घरात माणसं अडकली होती, त्यांना अम्मानमार्गे विमानांनी न्यायचं होतं, सद्दामशी भांडून ते कसं झालं असतं? तेलही इराककडून यायचं. शिवाय काश्मीरच्या प्रश्नावर इराकने आम्हांला कधी त्रास दिला नव्हता. आणि मिठी म्हणाल तर ती त्याने मारली, यांनी नव्हे. हे सगळं खरं आहे. मी ते अगदी मुद्देसूद सांगितलं. सांगताना मधेच मला माझाच आवाज ऐकू आला. भाचा फोनवर अगदी याच आवाजात बोलायचा. परिस्थिती तशी होती, आमचे हेतू वाईट नव्हते, तुम्ही एकच फोटो घेऊन बसलात.

त्या संबंध वादात आमचा लेखापाल मान खाली घालून व्हाउचरं लावत होता. पॅलेस्टिनी, जॉर्डनच्या पासपोर्टवर. आईवडील १९४८मध्ये लिदहून हाकलले गेले, हा कुवेतमधल्या हवल्लीत वाढला. १९९०पूर्वी कुवेतमध्ये चारेक लाख पॅलेस्टिनी होते, शाळा आणि बँका चालवणारे. पॅलेस्टिनींच्या नेत्याने, अराफतनेही, त्या ऑगस्टात सद्दामला मिठी मारली. कुवेत मुक्त झाल्यावर त्या मिठीचा हिशोब पॅलेस्टिनींकडून वसूल झाला: मारहाण, अटका, परवाने रद्द. वर्षभरात बहुतेक सगळी वस्ती रिकामी झाली. हा कसाबसा नंतर परत आला. आम्हां भारतीयांना त्याच मिठीबद्दल एक टोमणा मिळाला, आणि आमची संख्या पूर्वीपेक्षा वाढली. जिन्यात तो मला म्हणाला, ‘‘तुमच्या मंत्र्याला विमानं होती.’’ इस्रायल, अमेरिका, संयुक्त राष्ट्रं यांवर तो कधी बोलायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, त्यावर बोलायला सगळे अरब राजे आहेत की, त्यांना दुसरं काम काय?

हे त्याचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या भागातल्या बहुतेक राजवटींना अमेरिकेवरचा राग झाकणासारखा उपयोगी पडला आहे. १९८२मध्ये सीरियाच्या सरकारने हमा शहरात स्वतःचीच हजारो माणसं मारली, तेव्हा कुठल्या अरब राजधानीत मोर्चा निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही. आणि आमच्या साइटवरच्या कँपात दहाजण एका खोलीत राहणारे, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात अडकलेले मजूर, ते शिव्या घालायचे त्या कफिलाला, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आले त्या मालकाला. वॉशिंग्टन कुठल्या दिशेला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण झाकण आहे म्हणून पातेल्यात काही नाही असं म्हणता येत नाही, हे इराणी मित्राच्या दुकानात बसलं की कळायचं.

जूनमध्ये शाळेच्या सुट्ट्या लागल्यावर बायको-मुलगी परत यायच्या होत्या. त्याआधी तिघांनी मिळून मला घर झाडून दिलं. चिकटपट्टी निघाली, तिचा डिंक निघेना. कुवेतच्या उन्हाने तो काचेत भाजून बसला होता. स्टोअरकीपरने थिनर आणलं, सर्व्हेयरने ब्लेड, इमारतीच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, खालून ओरडून सांगितलं की काच खरवडली तर अनामतीतून कापीन.

आणि मग मालकाकडून निरोप आला. १९९०मध्ये कुवेत इराकच्या ताब्यात असताना तिथली सहाशेच्या वर माणसं इराकी सैन्याने उचलून नेली होती. त्यांना विसरू नका असं सांगणारे फलक शहरात वर्षानुवर्षं होते, इतके की दिसेनासे झाले होते. सद्दाम पडल्यावर इराकच्या वाळवंटात सामूहिक कबरी उकरल्या गेल्या, हाडं तपासून ओळखी पटू लागल्या. मालकाचा चुलतभाऊ त्यांत सापडला. नेला तेव्हा बावीस वर्षांचा. मिठाईच्या दिवशी मालकाने त्याचा उल्लेखही केला नव्हता.

आम्ही चौघे आणि लेखापाल असे एकाच गाडीतून दिवानियात गेलो. भिंतीला लागून गाद्या, बिनसाखरेची कॉफी, पुटपुटत हात मिळवून पुढे सरकायचं. लेखापालाच्या वेळी मालकाने हात जरा जास्त वेळ धरला की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. त्या युद्धाच्या विरोधातलं माझं मत तेव्हाही बदललं नाही, आजही नाही. पण ते मत घेऊन त्या खोलीत कुठे बसावं हे मला सुचेना.

शेवटच्या गादीवर मालकाचे वडील होते. नव्वदीचे, एका डोळ्याला मोतीबिंदू. मुलाने कानात सांगितलं, हिंदी आहे, मुंबईचा. म्हाताऱ्याने माझा हात ओढून मला शेजारी बसवलं आणि हिंदीत विचारलं, ‘‘बंबई में किधर?’’

गिरगाव, मी म्हटलं.

ते तरुणपणी गलबतातून खजूर घेऊन मुंबईला यायचे. महम्मद अली रोडवर खोली होती. कुवेतमध्ये १९६१पर्यंत रुपयाच चालायचा, त्या रुपयांत त्यांनी पहिला धंदा केला होता. त्यांच्या हिंदुस्थानात मिठी नव्हती, गुजराल नव्हते, १९९० अजून यायचं होतं. त्यांनी मला क्रॉफर्ड मार्केटबद्दल विचारलं, तिथल्या कारंज्याबद्दल विचारलं, ट्राम चालते का विचारलं. ट्राम बंद होऊन चाळीस वर्षं होत आली होती. मालक समोर उभा राहून ऐकत होता, हातात कॉफीची किटली.

‘‘चलती है, चाचा,’’ मी म्हटलं.